वाचक विचारतात : खालच्या डिव्हिजनच्या फुटबॉलमधले अवॉर्ड्स

गेल्या अंकात इंग्लंडच्या ईएफएल अवॉर्ड्सचा उल्लेख मी जाता जाता केला होता, त्यावर इतके मेल आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. क्रिकेटवाल्यांचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, नक्की.

प्रश्न : प्रीमियर लीग आम्ही रात्र रात्र जागून बघतो. पण हे ईएफएल काय प्रकरण आहे? आणि दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळणाऱ्यांना अवॉर्ड कशाला हवेत? (एक वाचक, नाशिक)

आधी ईएफएल काय ते सांगतो. फुटबॉल लीग सुरू झाली १८८८ मध्ये, १२ क्लब घेऊन, आणि १९९२ साली वरच्या डिव्हिजनचे क्लब बाहेर पडले आणि त्यांनी प्रीमियर लीग काढली, मग मागे जे राहिले ते म्हणजे आजचं ईएफएल, म्हणजे इंग्लिश फुटबॉल लीग, हे नाव २०१६ पासूनचं. चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू अशा तीन डिव्हिजन, प्रत्येकी २४ क्लब, म्हणजे एकूण ७२. अवॉर्ड्स २००६ पासून चालू आहेत, आता साधारण एप्रिलमध्ये लंडनला कार्यक्रम होतो. तिन्ही डिव्हिजनचा प्लेअर ऑफ द सीझन, यंग प्लेअर, अप्रेंटिस, मॅनेजर, गोल ऑफ द सीझन हे असतंच, पण त्याच स्टेजवर समाजात काम करणाऱ्या क्लबला आणि एखाद्या सपोर्टरलाही बोलावतात, आणि मला विचाराल तर त्या रात्रीचा खरा जीव तिथे आहे.

आता 'कशाला हवेत' याबद्दल. सोपं उत्तर असं की इथूनच मोठे लोक येतात, २००७ ला यंग प्लेअर होता साउथहॅम्प्टनचा गॅरेथ बेल, २०१५ ला एमके डॉन्सचा डेले अली, २०२० ला बर्मिंगहॅमचा ज्युड बेलिंगहॅम. पण हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही, कारण त्याचा अर्थ असा होतो की खालच्या लीगची किंमत वर जाणाऱ्यांमुळेच आहे. रिकी लॅम्बर्टचं बघा. लिव्हरपूलच्या ॲकॅडमीने पोरवयात सोडून दिलं, ब्लॅकपूलनेही सोडलं, तेव्हा हा माणूस एका कारखान्यात बीटरूटच्या बरण्यांना झाकणं लावत होता. मग मॅकल्सफील्ड, स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स असं करत करत साउथहॅम्प्टन, आणि २०१२ मध्ये चॅम्पियनशिपचा प्लेअर ऑफ द इयर, वय तीस. पुढच्या वर्षी वेम्बलीवर स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडकडून उतरला आणि पहिलाच टच गोलमध्ये. लोकांना तो गोल आठवतो. पण रॉचडेलच्या थंडीत त्याला दर शनिवारी बघणाऱ्यांनी तो सात-आठ वर्षं आधीच ओळखला होता, आणि खालच्या लीगचे अवॉर्ड हे त्या ओळखणाऱ्यांचं म्हणणं कुठेतरी नोंदवून ठेवतात.

प्रश्न : गेली काही वर्षं बघतोय, चॅम्पियनशिपचा बेस्ट प्लेअर ज्याला म्हणतात त्याचीच टीम प्रमोट होत नाही. मग निवड चुकते का? (एक वाचक, सांगली)

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. २०२३ ला मिडल्सब्रोचा चुबा अकपोम, त्याची टीम प्लेऑफच्या, म्हणजे वर जायची शेवटची जागा ठरवणाऱ्या मॅचेसच्या, सेमीफायनलला कॉव्हेंट्रीकडून हरली. २०२४ ला लीड्सचा क्रिसेन्सियो समरव्हिल, लीड्स फायनलला साउथहॅम्प्टनकडून १-० ने हरले. २०२५ ला शेफील्ड युनायटेडचा गुस्ताव्हो हामर, ते तर संडरलँडकडून इंज्युरी टाइममध्ये गोल खाऊन हरले. सलग तीन.

पण निवड चुकते असं नाही म्हणता येणार. अवॉर्ड एप्रिलमध्ये दिलं जातं, प्लेऑफ मेमध्ये होतात, आणि ४६ मॅचेसच्या सीझनमध्ये जो माणूस सगळ्यात चांगला खेळला तो वेम्बलीवरच्या नव्वद मिनिटांत नशीबवान ठरेलच असं कुठे आहे. उलट मला हे आवडतं, निकाल लागायच्या आधी नाव ठरतं त्यामुळे जिंकणाऱ्यालाच सगळं देऊन टाकायची सवय इथे लागत नाही. आणि असंही नाही की नेहमीच असं होतं, २०१९ ला टीमू पुक्की आणि नॉरिच दोघंही वर गेले, २०२२ ला मित्रोविचने फुलहॅमसाठी ४३ गोल मारले तेव्हा तर प्रश्नच नव्हता.

अकपोमबद्दल थोडं जास्त सांगतो. आधीच्या सीझनला क्लबने त्याला लोनवर ग्रीसला पाओककडे परत पाठवून दिलं होतं, म्हणजे आपल्याला तो नकोच असा सगळा प्रकार. परत आला, ऑक्टोबर २०२२ मध्ये मायकेल कॅरिक मॅनेजर झाला, त्याने त्याला स्ट्रायकरच्या थोडं मागे खेळवलं आणि लीगमध्ये २८ गोल. चॅम्पियनशिपमध्ये कुणाला जास्त आले नाहीत त्या वर्षी. पुढच्या सीझनला तो अयाक्सला गेला. मिडल्सब्रोच्या सपोर्टरला प्रमोशन मिळालं नाही आणि माणूसही गेला, खालच्या लीगमध्ये हे फार होतं, अवॉर्ड मिळालं की दोन-तीन महिन्यांत निरोप. त्यामुळे ही ट्रॉफी खूपदा क्लबकडून खेळाडूला दिलेली शेवटची गोष्ट असते.

आणि लीग टूचं एक उदाहरण द्यायलाच हवं. २०१८ चा लीग टू प्लेअर ऑफ द सीझन, ॲक्रिंग्टन स्टॅन्लीचा बिली की (Kee), लीगमध्ये २५ गोल, क्लब चॅम्पियन. मूळचा ॲक्रिंग्टन क्लब १९६२ ला पैशांअभावी लीगमधून बाहेर पडला होता, नवा क्लब १९६८ ला उभा राहिला, २००६ ला लीगमध्ये परत आला, आणि २०१८ ला अत्यंत छोट्या बजेटवर लीग टू जिंकली. आणि त्यांचा हा हिरो २०२० च्या जानेवारीत प्रोफेशनल फुटबॉल सोडून गेला, नैराश्य, एन्झायटी आणि खाण्याचा आजार याबद्दल तो स्वतः उघडपणे बोललाय. ट्रॉफी कपाटात असताना माणूस आतून असा खचलेला असू शकतो, हे एका सेंटर फॉरवर्डने सगळ्यांसमोर सांगणं ही त्या २५ गोलांएवढीच मोठी कामगिरी आहे असं मी मनापासून मानतो.

प्रश्न : ब्लॅकबर्न रोव्हर्सची मालकी आमच्या पुण्याच्या वेंकीजकडे आहे. त्यांच्या कुणाला हे अवॉर्ड मिळालंय का? पुणेकर म्हणून अभिमान बाळगावा की नाही? (एक वाचक, कोथरूड)

मिळालंय. ब्रॅडली डॅक, २०१८ चा लीग वन प्लेअर ऑफ द सीझन. त्याला हेच अवॉर्ड २०१६ मध्येही मिळालं होतं, तेव्हा तो जिलिंगहॅमला होता. ब्लॅकबर्न २०१७ ला चॅम्पियनशिपमधून खाली पडले, डॅकला आणलं, त्याने १८ लीग गोल मारले आणि टीम एका वर्षात परत वर.

अभिमानाचं विचारता तर सरळ सांगतो. ब्लॅकबर्न हा १८८८ च्या त्या पहिल्या १२ क्लबमधला क्लब, १९९५ चा प्रीमियर लीग चॅम्पियन. वेंकीजने तो नोव्हेंबर २०१० मध्ये घेतला, २०११ ला टीम बालेवाडीत पुणे एफसीबरोबर खेळूनही गेली, काही पुणेकर वाचकांना आठवत असेल. पण मे २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून बाहेर पडला आणि त्या विगनच्या मॅचला सपोर्टर लोकांनी इव्हुड पार्कच्या मैदानात ब्लॅकबर्नचा झेंडा गुंडाळलेली कोंबडी सोडली होती. मालकांनी पैसा घातलाय हे खरंच आहे, पण सपोर्टरची मुख्य तक्रार अशी राहिलीये की मालक दिसत नाहीत, बोलत नाहीत. माझं मत असं की क्लब विकत घेता येतो पण त्यातली माणसं नाही, ती पिढ्यान्‌पिढ्या आधीपासून तिथे असतात. पुणेकर म्हणून आपण निदान तिथल्या लोकांचं म्हणणं तरी समजून घ्यावं. चांगली गोष्ट सांगायची तर आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव, २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप खेळलेला, तो ब्लॅकबर्नमध्ये ट्रेनिंग घेऊन आलाय. असे रस्ते अजून उघडले तर अभिमान आपोआप वाटेल.

प्रश्न : मिस्टरांची बदली इंग्लंडला होतेय. मुलगा आठ वर्षांचा, फुटबॉलवेडा. प्रीमियर लीगची तिकिटं मिळत नाहीत म्हणतात. छोट्या क्लबच्या मॅचला लहान मुलाला घेऊन जाणं सेफ आहे का? (एक ताई, ठाणे)

ताई, बिनधास्त जा. तुमच्या प्रश्नासाठीच जणू ईएफएलची एक योजना आहे, फॅमिली एक्सलन्स म्हणतात. ती कशी चालते ते ऐका. एखादं खरंखुरं कुटुंब, आईवडील आणि मुलं, क्लबला अजिबात न कळवता मॅचला जातं. म्हणजे वेबसाइटवर तिकीट काढण्यापासून सुरुवात, मुलांच्या तिकिटाची किंमत नीट सापडली का, पार्किंग कुठे ते कळलं का, गेटवरचा माणूस कसा बोलला, पोराला सीटवरून मैदान दिसतंय का की समोरचा उभाच आहे, खायला काय मिळालं आणि केवढ्याला, बाथरूम स्वच्छ होतं का, मॅच संपल्यावर बाहेर पडताना भीती वाटली का. सगळं लिहून देतात आणि तो रिपोर्ट क्लबला मिळतो, आणि त्यात जे क्लब चांगले ठरतात त्यांना मान मिळतो.

मला ही कल्पना सगळ्या गोल्डन बूटपेक्षा जास्त आवडते. लीग टूच्या क्लबकडे टीव्हीचा पैसा प्रीमियर लीगच्या मानाने नगण्य, गेटवर जे लोक येतात त्यांच्यावर बरंचसं चालतं, आणि आठव्या वर्षी जो पोरगा पहिल्यांदा येतो आणि त्याला कुणीतरी हसून 'ये बाळा' म्हणतं तो पुढची पन्नास वर्षं येतो. म्हणजे हे अवॉर्ड नुसतं कौतुक नाहीये, त्यात क्लबच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

तुम्ही कुठल्या शहरात राहणार ते ठरलं की जवळचा ईएफएल क्लब शोधा आणि त्यांच्या वेबसाइटवर फॅमिली स्टँड असा पर्याय बघा, बहुतेक क्लबमध्ये असतो. पहिली मॅच तिथूनच बघा. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर टोपी, हातमोजे, आणि मुलाला थर्मल घालाच, तिथली उघड्या स्टँडमधली थंडी फार वाईट.

प्रश्न : सपोर्टरला अवॉर्ड हे मला पटत नाही. तो तिकीट काढून येतो, आवडतं म्हणून येतो, त्यात कौतुक काय? आणि आमच्या कोल्हापुरात असं सुरू करायचं म्हटलं तर कुणाला देणार, सगळेच स्वतःला एक नंबर सपोर्टर समजतात. (एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर)

दादा, तुमच्याकडून हा प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं, कारण शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या टीम समोरासमोर असल्या की काय होतं हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. सपोर्टर नुसता बघणारा असता तर तो एवढा जीव टाकून आला असता का?

पण पटवायला विंबल्डनचं उदाहरण देतो. २००२ मध्ये त्यांच्या क्लबला लंडन सोडून मिल्टन कीन्सला जायची परवानगी मिळाली. जाणारा क्लब गेला. मागे राहिलेल्या सपोर्टर लोकांनी काय केलं, तर स्वतःचा नवा क्लब काढला, एएफसी विंबल्डन, आणि खेळाडू पाहिजेत म्हणून विंबल्डन कॉमनच्या मोकळ्या मैदानावर ट्रायल्स घेतल्या, या रे कोण कोण येतंय. नवव्या पातळीच्या लीगपासून सुरुवात. नऊ वर्षांत पाच प्रमोशन घेऊन २०११ ला ते फुटबॉल लीगमध्ये आले. २०२० ला त्यांचं स्वतःचं मैदान प्लाऊ लेनला उभं राहिलं आणि त्यासाठी सपोर्टर लोकांनी बाँडमधून पन्नास लाख पौंडांच्या वर पैसे जमवले. आता सांगा, इथे तिकीट काढून आलेला माणूस कोण आणि क्लब कोण? एक्सेटर सिटी पण २००३ पासून सपोर्टर ट्रस्टच्या मालकीचा आहे. खालच्या डिव्हिजनमध्ये क्लब बुडायची भीती कायम असते आणि बुडताना धरून ठेवणारे हेच लोक असतात, म्हणून तिथे सपोर्टरला अवॉर्ड देणं म्हणजे नुसता औपचारिकपणा नाही.

कोल्हापुरात कुणाला द्यायचं? मुळात आपल्याकडे एक गोष्ट आधीच छान आहे, सामनावीराबरोबर 'लढवय्या' पण निवडला जातो, म्हणजे हरलेल्या टीममध्ये जो झुंजला त्याचीही दखल. तीच दृष्टी स्टँडमध्ये न्या. सगळ्यात मोठा आवाज कुणाचा हा निकष अजिबात ठेवू नका, त्याने पेठापेठांत नवीन भांडणं लागतील आणि आधीच हुल्लडबाजीमुळे मॅचेस थांबल्यात, पोलीस बोलवावे लागलेत, ते सगळ्यांना माहीत आहे. निकष असा ठेवा की या माणसामुळे दुसरं कुणी मॅचला येऊ शकलं का. पोरांना शूज घेऊन देणारा, जखमी खेळाडूच्या ऑपरेशनला वर्गणी काढणारा, भांडण लागायच्या आधी दोन्ही बाजूंच्या पोरांना बाजूला घेणारा, घरातल्या बायकामुलींना स्टँडमध्ये आणून नीट बसवणारा. आणि एक नियम जरूर ठेवा, आपल्या तालमीच्या माणसाचं नाव आपण सुचवायचं नाही, विरोधी तालमीच्या माणसाचं सुचवायचं. बघा काय होतंय. दिलबहारच्या पोरांनी पाटाकडीलच्या एखाद्या काकांचं नाव पाठवलं तर ते अवॉर्ड कुठल्याही चषकापेक्षा मोठं होईल.

प्रश्न : सर टॉम फिनी अवॉर्ड म्हणजे काय? (एक वाचक, नागपूर)

ईएफएलमधली दीर्घ आणि मोठी कारकीर्द असलेल्या खेळाडूला देतात. फिनी प्रेस्टनचा, सगळी प्रोफेशनल कारकीर्द एकाच क्लबमध्ये, इंग्लंडकडून ७६ मॅचेस आणि ३० गोल, आणि बाजूला प्लंबिंगचं काम, म्हणून प्रेस्टनचा प्लंबर म्हणायचे. १९५२ ला इटलीच्या पालेर्मोने त्याला १०,००० पौंड, बंगला, गाडी असं सगळं देऊ केलं, तेव्हा इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या पगारावर मर्यादा होती आणि ही रक्कम म्हणजे स्वप्नच, पण क्लबच्या चेअरमनने नाही म्हटलं आणि विषय संपला. लोक याला निष्ठा म्हणतात. मला त्यात खेळाडूवरचा अन्यायही दिसतो. २०१४ मध्ये ९१ व्या वर्षी गेला.

प्रश्न : बायचुंग भुतिया इंग्लंडमध्ये ज्या क्लबकडून खेळला त्याचं पुढे काय झालं? (एक वाचक, डोंबिवली)

त्या क्लबचं नाव बरी (Bury). १९९९ ते २००२, लीगच्या ३७ मॅचेस, ३ गोल, तेव्हा क्लब तिसऱ्या पातळीवर होता. पुढे जे झालं ते वाईट झालं. एप्रिल २०१९ च्या शेवटी बरी लीग टूमधून प्रमोट झाले, शहरात आनंद, आणि ऑगस्टमध्ये पैशाच्या गोंधळामुळे ईएफएलने त्यांना बाहेर काढलं. १८९४ पासून लीगमध्ये असलेला क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला, आणि प्रमोशननंतरची एकही लीग मॅच खेळायला मिळाली नाही. शेवटच्या दिवसांत मॅच होईल या आशेने सपोर्टर स्वतः जाऊन गिग लेनची साफसफाई करत होते. नंतर सपोर्टर लोकांत दोन गट पडले, नवा क्लब काढणारे आणि जुनं मैदान वाचवणारे, आणि २०२३ ला ते दोन्ही गट एकत्र आले, आता गिग लेनवर पुन्हा फुटबॉल चालू आहे, बऱ्याच खालच्या पातळीवरून. भांडलेले दोन गट मतदान घेऊन एकत्र येतात हे मला तरी फार मोठं वाटतं.

प्रश्न : मी दहावीत आहे, फुटबॉल खेळतो. अप्रेंटिस ऑफ द सीझन कुणाला मिळतं? घरचे म्हणतात खेळ सोड आणि अभ्यास कर. (एक विद्यार्थी, रत्नागिरी)

तुझ्या घरच्यांना हे उत्तर वाचायला दे. तिथे १६ ते १८ वयाची मुलं क्लबमध्ये दोन वर्षं अप्रेंटिस असतात, खेळ आणि शिक्षण दोन्ही एकत्र, कारण यातल्या बऱ्याच जणांना शेवटी प्रोफेशनल करार मिळत नाही आणि हे क्लबलाही माहीत असतं. म्हणून अप्रेंटिस अवॉर्ड देताना मैदानाबाहेरची प्रगती आणि शिक्षण हेही बघतात. फुलहॅमच्या रायन सेसेन्यॉनला २०१८ मध्ये एकाच वेळी अप्रेंटिस, यंग प्लेअर आणि चॅम्पियनशिप प्लेअर ऑफ द सीझन अशी तीनही मिळाली, वय १७. बेलिंगहॅमलाही २०२० ला यंग प्लेअरबरोबर अप्रेंटिसचं मिळालं. तर एक सोड आणि दुसरं धर असं तिथे कुणी म्हणत नाही. तू बोर्डाचं वेळापत्रक आलं की लगेच तुझ्या कोचला दाखव, फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रॅक्टिस आठवड्यातून दोनच दिवस ठेव, आणि वडिलांना एकदा मॅच बघायला घेऊन जा.